कल्लेवाल्याचं पाणी

त्या साली डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीत दोनदा आभाळ भरून आलं आणि नुसती धूळ उडवून निघून गेलं. मार्च संपता संपता गावतळ्याच्या तळाला भेगा पडल्या. आमच्याकडे पावसाचे महिने हेच. एप्रिल लागला की आभाळाकडे बघण्यात अर्थ नसतो. तळ्याच्या उरल्यासुरल्या चिखलात रुतून दोन शेळ्या मेल्या, त्यांची कातडी काढायलाही कुणी खाली उतरलं नाही.

आमच्या गावाचं नाव पोसो आमार्गो, म्हणजे कडू विहीर. नाव ठेवणाऱ्यानं खोटं काही सांगितलेलं नाही. विहिरीचं पाणी कोळशाची भट्टी लिंपायला चालतं, शेळी नाइलाजानं पिते. माणसानं आठवडाभर प्यायलं तर पोट सुटतं, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर तळहातांवर खवले धरतात. म्हणून रेल्वे होती तोवर प्यायचं पाणी रेल्वेनं यायचं. मालगाडीला मागं दोन टाकीचे डबे जोडलेले असायचे, आठवड्यातून दोनदा. बाया बादल्या घेऊन फलाटावर उभ्या राहायच्या. दहा वर्षांपूर्वी ती गाडी बंद झाली.

निसेफोरो लुना त्या रेल्वेत गँगमन होता. बावीस वर्षं त्यानं रुळांखालची खडी ठोकली, स्लीपर बदलले. रेल्वे तोट्यात आहे, ती विकून मोकळं व्हायचं, असं राजधानीत ठरलं तेव्हा त्याच्या टोळीनं संप केला. रेल्वेचा जो फाटा संप करील तो बंद होईल, असं अध्यक्षांनी बजावलं होतं आणि तसंच झालं. निसेफोरोच्या हातात एक कागद दिला, त्यावर लिहिलं होतं 'स्वेच्छेने निवृत्त'. स्वेच्छेनं हा शब्द कुणी उच्चारला की तो अजून बाजूला थुंकायचा. नंतर तो रानात लाकूड तोडून कोळसा पाडायला लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षी सकाळी उठला की त्याची छाती शिट्टी वाजवायची आणि थुंकी काळी पडायची.

त्याचा धाकटा भाऊ लाउरो त्याच टोळीत होता, पण संपात उतरला नव्हता. त्यानं तो कागद हसत घेतला. आलेल्या रकमेतून जुना ट्रक घेतला. एका पेसोला एक डॉलर मिळायचे दिवस होते. लाउरोनं रंगीत टीव्ही आणला, बायकोला ब्राझीलचा समुद्र दाखवून आणला. मग दोन हजार एक साली सगळं कोसळलं. ट्रक गेला, बायको तिच्या बहिणीकडे गेली ती परत आली नाही. आता तो तोलेंतिनो बरासाचा टँकर चालवायचा. एवढं होऊनही त्याच्या खोलीत अध्यक्षांचा फोटो होता, आणि त्यावरची धूळ तो रोज पुसायचा.

अध्यक्ष आता माजी झाले होते, पण एप्रिलच्या शेवटी होणाऱ्या निवडणुकीत पुन्हा उभे होते. तरुणपणी त्यांचे गालभर कल्ले होते. आमच्याकडे त्यांना कल्लेवालाच म्हणतात, प्रेमानंही आणि शिवी देतानाही.

मंगळवारी टँकर आला तेव्हा निसेफोरो भट्टीच्या आत होता. विटांची घुमटासारखी भट्टी, माणूस वाकून आत जातो. तो आत केब्राचोचे ओंडके उभे रचत होता आणि त्याची बायको दाल्मिरा दारातून एकेक ओंडका आत सरकवत होती. लोखंडाइतकं जड लाकूड. दाल्मिराच्या हाताचं कातडं कोपरापर्यंत सोलवटलेलं.

टँकरचा आवाज ऐकून ती उठली, झग्याला हात पुसले आणि रस्त्याकडे गेली. टँकर त्यांच्या दारावरून पुढं गेला. शेजारच्या कोरोनेलच्या दाराशी थांबला. कोरोनेलच्या दारावर कल्लेवाल्याचं चित्र चिकटवलेलं होतं. तिथं पिंप भरलं, मग पुढच्या घरी. दहा घरांपैकी आठ दारांवर चित्र होतं.

परतताना लाउरोनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"वहिनी, मी काय करू. मालकाचा हुकूम आहे. ज्याच्या दारावर चित्र, त्याला पाणी."

"तुझी पुतणी आहे या घरात," दाल्मिरा म्हणाली. "तिची आठ महिन्यांची पोर आहे. चार दिवस झाले, पोरीला हगवण लागलीय."

"मग चित्र लावा की. कागदच आहे."

निसेफोरो भट्टीतून बाहेर आला. डोळ्यांतलं पांढरं सोडलं तर सगळा काळा.

"कागद मला एकदा दिलाय त्यानं," तो म्हणाला. "एक पुरे झाला."

"दादा, त्याच्या राज्यात माझा ट्रक होता."

"त्याच्या राज्याआधी आपली गाडी होती. पाणी आणायची. दारावर काय चिकटवलंय ते न बघता."

"ती गाडी तोट्यात होती."

"पाणी प्यायला देणं तोट्याचंच असतं. तुझ्या मालकाला विचार."

लाउरोनं गिअर टाकला. धूळ खाली बसेपर्यंत दोघं तिथंच उभे राहिले.

दाल्मिराला बोलायची घाई नसायची. त्या दिवशी तिनं भट्टी भरून होऊ दिली, भट्टीचं तोंड बंद होऊ दिलं, विस्तव पेटू दिला. निसेफोरोनं विहिरीच्या खाऱ्या पाण्यात माती कालवली आणि जिथून जिथून धूर निसटत होता तिथं तिथं लिंपत राहिला. दुसऱ्या दिवशी तो रानात गेल्यावर तिनं डोक्याला फडकं बांधलं आणि पाच मैल चालत बरासाच्या दुकानी गेली.

बरासा तालुक्याच्या गावात किराण्याचं दुकान चालवायचा. आमच्या गावापलीकडे त्याची गुरं होती, साडेतीनशे. गेल्या निवडणुकीत तो दुसऱ्याच कुणासाठी मतं गोळा करत होता. त्याआधी आणखी कुणासाठी. पाणी तालुक्याच्या नळाचं, पण टँकर त्याचा, त्यामुळे पाणीही त्याचंच झालेलं. त्यानं दाल्मिराला काउंटरसमोर बराच वेळ उभं ठेवलं. दोन गिऱ्हाइकं तिच्यानंतर आली आणि तिच्याआधी गेली.

"लुनाची बायको ना तू?" शेवटी तो म्हणाला. "एवढ्या लांब चालत आलीस. तुझा नवरा स्वाभिमानी माणूस आहे म्हणतात."

"चित्र द्या, मालक."

"एकच? दोन घेऊन जा. एक मागच्या दाराला लाव."

तिनं दोन घेतली. घरी आल्यावर पीठ शिजवून खळ केली आणि एक चित्र पुढच्या दाराला चिकटवलं. दुसरं चुलीत घातलं. एर्सिलिया, तिची मुलगी, पोरीला मांडीवर घेऊन बघत बसली होती. तिचा नवरा सफरचंदं तोडायला दक्षिणेला गेला होता, हंगाम संपल्याशिवाय परत यायचा नव्हता.

"बाबा फाडतील, आई."

"फाडू दे."

संध्याकाळी ऊन कलायच्या सुमाराला निसेफोरो रानातून आला. कुऱ्हाड खांद्यावर होती. दारासमोर येऊन थांबला. चित्रातला माणूस दोन्ही हात पसरून हसत होता. निसेफोरोनं कुऱ्हाड खाली टेकवली आणि कागदाचा कोपरा नखानं उचलायला लागला.

"फाड," दाल्मिरा आतून म्हणाली. "पण आधी ते पिंप पालथं कर. लाउरो वाट वाकडी करून आला आणि भरून गेला. पालथं कर आणि मग फाड. पोरीला काय पाजायचं ते तू सांग."

त्याचं बोट तिथंच राहिलं. पोर आत कण्हत होती, आता तिच्यात रडण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. त्यानं कोपरा सोडला, अंगठ्यानं परत दाबून बसवला. मग विहिरीतून खाऱ्या पाण्याची बादली ओढली आणि तिथंच उभ्यानं प्यायला. पुढचे पाच दिवस तो तेच पाणी प्यायला. दिवसातून सहा-सात वेळा झाडीत जायचा, पाय लटपटायचे, तरी ओंडके तोडायचा. दाल्मिरानं त्याला एकदाही गोडं पाणी घे म्हणून म्हटलं नाही. सहाव्या दिवशी तो भट्टीजवळ खाली बसला आणि उठेना, तेव्हा तिनं तांब्या आणून त्याच्यापुढं आपटला.

"पी. मेलास तर ते हसतील, आणि ओंडके मला ओढावे लागतील."

तो प्यायला. एर्सिलियाची पोर तोवर बाळसं धरायला लागली होती.

निवडणुकीला दहा दिवस असताना बरासा स्वतः आला, पांढऱ्या गाडीतून. लाउरो बरोबर होता. निसेफोरोनं बसायला खुर्ची दिली नाही, दाल्मिरानं दिली. तिनं माते नावाच्या पाल्याचा काढाही दिला, सगळ्यांत मिळून एकच नळी, आधी पाहुण्याला.

"लुना," बरासा म्हणाला, "रविवारी स्टेशनावर सभा आहे. राजधानीतनं एक साहेब येतायत. त्यांना रेल्वेतला जुना माणूस हवाय. संपात होता असा. त्यानं उभं राहून सांगायचं की तेव्हा आम्हाला कळलं नाही, आता कळलं."

"काय कळलं?"

"की रेल्वे बंद केली ते योग्यच केलं."

दाल्मिरानं काढ्यात गरम पाणी ओतलं.

"फुकट म्हणत नाही मी," बरासा म्हणाला. "दर मंगळवारी पाणी, सगळ्या दहाही घरांना. चित्र असो नसो. निवडणुकीनंतरही. माझा शब्द."

"लाउरोला उभा करा. त्याला तोंडपाठ आहे."

"लाउरो संपात नव्हता. त्याचं कौतुक कुणाला?"

लाउरोनं मान खाली घातली. बरासा गाडीत बसला, काचेतून म्हणाला, "गाव तुझ्याकडे बघतंय."

गाव खरंच बघत होतं. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण येऊन बसायला लागला. कोरोनेल आला, त्याची म्हातारी आली. कुणी सरळ म्हटलं नाही. शेळ्या किती उरल्या ते सांगायचे, आपले हात दाखवायचे. कोरोनेलची म्हातारी जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं स्टेशनावर पाणी वाटलंय रे. त्यानं कुणाला परत पाठवलं नाही." ती गेल्यावर निसेफोरोनं एक चांगला ओंडका विनाकारण कुऱ्हाडीनं फोडत फोडत पार चुरा केला.

रविवारी दुपारी स्टेशनावर सत्तरेक माणसं जमली, आजूबाजूच्या पाड्यांवरूनही आणलेली. छपराचे पत्रे कधीच चोरीला गेले होते, रूळ गवतात गडप झाले होते. फलाटावर टेबल, टेबलावर कापड, राजधानीतला साहेब कपाळ पुसत बसलेला. बरासानं निसेफोरोच्या हातात लिहिलेला कागद दिला.

निसेफोरोनं दाढी केली होती, लग्नातला सदरा घातला होता. सदरा आता अंगात ढगळ झाला होता. त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"मी निसेफोरो लुना. बावीस वर्षं रेल्वेत होतो. संपात होतो. तेव्हा आम्हाला चुकीचं सांगितलं गेलं."

"जरा मोठ्यानं," बरासा म्हणाला. "मागं ऐकू येत नाही."

त्यानं पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मधेच खोकला आला, तो काळं थुंकला आणि पायानं पुसलं. साहेबानं पाय मागं घेतले.

"देशाच्या भल्यासाठी रेल्वे बंद करणं गरजेचं होतं. अध्यक्षांनी बरोबर केलं. मी त्यांचा आभारी आहे."

"शेवटचं वाक्य परत," बरासा म्हणाला. "साहेबांना फोटो घ्यायचाय."

"मी त्यांचा आभारी आहे," निसेफोरो म्हणाला. साहेबानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आमचं गाव सगळ्यात पुढं होतं; मीही वाजवल्या, ते लपवून काय उपयोग. दाल्मिरा हात बांधून उभी राहिली.

घरी येताना वाटेत निसेफोरो झाडाला धरून ओकला. दाल्मिरा थोडी पुढं जाऊन थांबली, त्याच्याकडे पाठ करून, त्याचं होईपर्यंत.

त्या मंगळवारी पाणी आलं, दहाही घरांना. बरासाच्या गाड्यांनी आम्हाला मतदानाला नेलं आणि परतही आणलं. कल्लेवाला देशात पहिला आला, पण मतं पुरेशी नव्हती, म्हणून दुसरी फेरी ठरली. पुढचे तीन मंगळवारही पाणी आलं. मग मेच्या मध्यावर, दुसऱ्या फेरीला चार दिवस उरलेले असताना, रेडिओवर सांगितलं की त्यांनी माघार घेतली. लाउरो तेव्हा भावाच्या अंगणात बसला होता. त्यानं रेडिओ हातात घेतला, बटण इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, जणू दुसऱ्या स्टेशनवर दुसरी बातमी असेल.

"हरणार हे दिसल्यावर पळाला," निसेफोरो म्हणाला. एवढंच. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

पुढच्या मंगळवारी टँकर आमच्या दारांसमोरून गेला आणि थांबला नाही. तो बरासाच्या गुरांकडे गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. दाल्मिरा पुन्हा पाच मैल चालत दुकानी गेली. या वेळी बरासानं तिला थांबवून ठेवलं नाही.

"निवडणूक झाली, बाई," तो म्हणाला. "आता पाणी कशासाठी?"

"तुम्ही शब्द दिला होता, मालक."

"ज्याच्यासाठी दिला तोच राहिला नाही."

ती परत आली तेव्हा निसेफोरो भट्टी उघडत होता. तिनं झालेलं सांगितलं. त्यानं हातातलं खोरं खाली ठेवलं. मग पलीकडच्या ओंडक्यांच्या राशीकडे गेला, एक उचलला, खांद्यावर घेतला आणि रस्त्यावर नेऊन आडवा टाकला. परत आला, दुसरा उचलला.

"काय करतोयस?" दाल्मिरानं विचारलं.

"उद्या मंगळवार आहे."

तिनं दुसऱ्या टोकाला हात घातला. थोड्या वेळानं कोरोनेल आला. त्यानं काही विचारलं नाही, ओंडका उचलला. ऊन उतरेपर्यंत रस्त्यावर कमरेइतकी रास झाली. दोन्ही बाजूंना काटेरी झाडी. टँकरला वळसा घालायला जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी सगळं गाव रस्त्यावर बसलं. म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसवलं होतं. एर्सिलिया पोरीला छातीशी बांधून पहिल्या रांगेत. टँकर आला, थांबला. लाउरो खाली उतरला.

"दादा, बाजूला हो. हे गुरांचं पाणी आहे."

"गुरं तीनशे पन्नास आहेत आणि त्यांच्यासाठी विहीर खणलीय. आम्ही चाळीस आहोत."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," निसेफोरो म्हणाला. "माझी गेली तेव्हा तू हसत होतास. मी हसणार नाही."

लाउरो ओंडक्यावर बसला. आमच्यापैकी कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी विनवलंही नाही. पोर रडायला लागली तेव्हा एर्सिलियानं तिला त्याच्याकडे दिलं, "काका, जरा धर," असं म्हणून, आणि झग्याची गाठ परत बांधायला लागली. लाउरोनं पोर धरली. पोर त्याच्या मिश्यांना हात लावायला लागली.

त्यानं पोर परत दिली, टँकरच्या मागं गेला आणि तोटी उघडली.

"तुम्हाला एक सांगतो," नळी धरून तो म्हणाला. कुणाकडेही बघत नव्हता. "तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या वेळी देश चालत होता. माझा ट्रक होता."

"बोल, बोल," दाल्मिरा म्हणाली. "नळी मात्र सरळ धर."

दहाही घरांची पिंपं भरली. टाकी रिकामी झाल्यावर लाउरोनं गाडी मागं घेतली, तालुक्याला नेऊन बरासाच्या दुकानासमोर उभी केली, किल्ली काउंटरवर ठेवली आणि चालत गावात परत आला. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. निसेफोरोनं त्याला भट्टीतला कोळसा पोत्यात भरायला खोरं दिलं. दोघं भाऊ बोलले नाहीत. बोलले तेव्हा कल्लेवाल्यावरून भांडले, आणि पोती भरत राहिले.

पुढच्या मंगळवारी टँकरवर दुसरा ड्रायव्हर होता आणि पुढं पोलिसांची जीप. त्यांनी ओंडके बाजूला केले. निसेफोरो आडवा झाला तेव्हा त्याला ओढून नेलं. दोन दिवस त्याला ठेवून घेतलं, तिसऱ्या दिवशी सोडलं. परत आला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. त्या मंगळवारी आम्हाला पाणी मिळालं नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी पलीकडच्या तीन पाड्यांची माणसं चालत आमच्याकडे आली, बादल्या घेऊन. खांद्यांवर ओंडके. दोनशेच्या वर माणूस रस्त्यावर बसलं. एवढी माणसं बघून जीप लांबच थांबली, आणि नवा ड्रायव्हर टँकर जिथं होता तिथंच उभा करून आमची पिंपं भरू लागला.